नावात धर्म शोधणाऱ्यांना

"ख्रिस्ती आहात, मग नाव असं कसं?"

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न नवा नाही. शाळेच्या प्रवेश अर्जावर धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' लिहिलेलं असलं आणि वर नाव लक्ष्मण किंवा सुनंदा असलं, की समोरचा माणूस अर्ज पुन्हा वरून खाली वाचतो. भाड्याचं घर बघायला गेलं की विचारणा होते. कर्जत लोकलमध्ये वर्षानुवर्षं एका डब्यातून जाणारे लोक डिसेंबर आला की विचारतात. पूर्वी या प्रश्नात कुतूहल असायचं आणि उत्तर द्यायला बरंही वाटायचं. आता विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

ते उत्तर असं. नाव ही धर्माची खूण आहे. धर्म बदलला की नावही बदललं पाहिजे. जो बदलत नाही तो काहीतरी लपवतो, आणि लपवतो याचा अर्थ त्याला दोन्ही हातांनी घ्यायचं आहे, एका हाताने चर्चची मदत आणि दुसऱ्या हाताने सरकारची सवलत. अशा माणसासाठी 'क्रिप्टो ख्रिश्चन' हा शब्द आता मराठी तोंडांतही रुळला आहे. ज्यांना सभ्यपणे बोलायचं असतं ते म्हणतात, "तुमच्या श्रद्धेला आमचा विरोध नाही. पण डेव्हिड, पीटर असं काही नाव घ्या, म्हणजे समोरच्याला कळेल तरी."

हे मत मला मुळापासून चुकीचं वाटतं, आणि त्यातला सभ्य भाग जास्त चुकीचा वाटतो. त्याचा राग येतो तो एवढ्यासाठी की या मताला आमच्याच घरातून बळ मिळालेलं आहे. चर्चमध्ये बसणाऱ्या कितीतरी वडीलधाऱ्यांना आजही वाटतं, की बाप्तिस्म्याला 'ख्रिस्ती नाव' लागतं, आणि ख्रिस्ती नाव म्हणजे युरोपातून आलेलं नाव. मूल शाळेत अमोल आणि चर्चच्या वहीत अँथनी. मग बाहेरचा माणूस म्हणतो, बघा, यांची दोन नावं असतात. म्हणून आधी घरातला समज निकालात काढतो. बाहेरचा संशय त्याच्याच पायावर उभा आहे.

बाप्तिस्म्यात होतं काय? माणसाच्या डोक्यावर पाणी ओततात किंवा त्याला पाण्यात बुडवतात, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतात. ज्या नावावर हा संस्कार उभा आहे ते नाव देवाचं. बाळाचं नाव फादर आईबापांना विचारतात, म्हणजे ते आईबापांनी ठरवलेलं असतं. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायदासंहितेत 761 वा नियम होता, की धर्मगुरूने बाळाला ख्रिस्ती नाव मिळेल हे पाहावं. पण आईबाप ऐकत नसतील तर काय? तर त्यांनी ठेवलेल्या नावाला एखाद्या संताचं नाव जोडावं आणि वहीत दोन्ही लिहावीत. त्या कडक काळातही आईबापांचं नाव खोडण्याचा अधिकार कोणाला नव्हता. 1983 च्या नव्या संहितेत तर संताच्या नावाची अटच राहिली नाही. 855 वा नियम एवढंच सांगतो, की ख्रिस्ती भावनेला विसंगत असं नाव देऊ नये. सुनंदा हे नाव कोणत्या ख्रिस्ती भावनेला विसंगत आहे? अमोल आहे? विश्वास, करुणा, आनंद आहेत? प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये तर बाप्तिस्म्यासाठी नाव बदलण्याचा नियम नाहीच. तरीही ज्यांच्या मनात तो घट्ट बसला आहे त्यांनी तो कुठे वाचला ते दाखवावं.

ते पवित्र शास्त्र दाखवतात. अब्रामाचा अब्राहाम झाला, याकोबाचा इस्राएल झाला, शिमोनाचा पेत्र झाला, आणि सगळ्यात आवडता दाखला म्हणजे शौलाचा पौल झाला. हा शेवटचा दाखला तर उघडउघड चुकीचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात शौलाचा बाप्तिस्मा होतो आणि त्यानंतरही तो शौलच राहतो. तेराव्या अध्यायात लेखक जाता जाता सांगतो की याला पौल असंही म्हणतात. दोन्ही नावं त्याचीच होती, एक यहुदी घरातलं आणि एक रोमी जगातलं. बाप्तिस्म्याने त्यातलं एकही दिलं नाही की काढून घेतलं नाही. पेत्राला नवं नाव मिळालं, पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा उठलेला येशू त्याला कोणत्या नावाने हाक मारतो? शिमोन म्हणूनच. अंद्रिया आणि फिलिप्प ही तर ग्रीक नावं होती. बारा शिष्यांत ती तशीच राहिली, कोणी हरकत घेतली नाही.

आणि देवतांच्या नावांचं काय? "लक्ष्मण, पार्वती, विठ्ठल ही दैवतांची नावं, ती ख्रिस्ती माणसाला कशी चालतील," असं विचारणाऱ्यांनी रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय उघडावा. पौल तिथे फीबीची शिफारस करतो आणि हर्मेसला सलाम पाठवतो. हर्मेस हा ग्रीकांचा देव, आणि फीबी हे त्यांच्या पुराणांतलं नाव. अपुल्लोस हा पहिल्या पिढीतला नावाजलेला उपदेशक, त्याच्या नावात अपोलो बसलेला आहे. पौलाने यांपैकी कोणाला नाव बदलायला सांगितलं? जुन्या करारातल्या मर्दखयाच्या नावात बाबेलचा देव मर्दुक आहे, आणि तो यहुदी लोकांचा तारणारा ठरला. दानीएल आणि त्याच्या तीन सोबत्यांना बाबेलच्या दरबाराने परकी नावं चिकटवली. त्यातले तिघे सोबती शद्रख, मेशख, अबेदनगो ही नावं घेऊनच आगीच्या भट्टीत गेले आणि मूर्तीपुढे वाकले नाहीत. नाव बदलल्याने श्रद्धा बदलत नाही, हे ज्या ग्रंथात इतक्या ठळकपणे सांगितलं आहे तो ग्रंथ हातात धरून नावाचा हट्ट कसा करता येतो?

युरोपातून आलेली नावं तरी कुठून आली? आज वसईपासून मडगावपर्यंत ज्याला अस्सल ख्रिस्ती समजतात ते डेनिस हे नाव ग्रीकांच्या मद्याच्या देवाचं, डायोनिससचं. मार्टिनमध्ये रोमनांचा युद्धदेव मार्स आहे. इसिडोरमध्ये इजिप्तची इसिस आहे. ही नावं धारण करणारी माणसं संत झाली म्हणून नावं ख्रिस्ती झाली. आधी नाव ख्रिस्ती झालं आणि मग माणूस संत झाला, असं घडलेलं नाही. मर्क्युरियस नावाचा धर्मगुरू 533 साली पोप झाला, आणि रोमन देवाचं नाव पोपला शोभणार नाही म्हणून त्याने दुसरा जॉन हे नाव घेतलं. हा दाखला कोणी माझ्याविरुद्ध काढेल म्हणून मीच काढून ठेवतो. पण त्याच नावाने तो धर्मगुरू झाला होता, आणि तोवर त्या नावाने कोणाचं काही अडलं नव्हतं.

मग हा हट्ट आपल्याकडे आला कुठून? राज्यसत्तेबरोबर आला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1534 मध्ये वसई घेतली. बाप्तिस्मा झालेल्याला पोर्तुगीज नाव आणि धर्मपित्याचं किंवा फादरचं आडनाव मिळू लागलं. पुढे 1704 मध्ये पोपचा दूत तुर्नो याने पाँडिचेरीत हुकूम काढला, की बाप्तिस्म्याला रोमच्या यादीतल्या संतांचीच नावं द्यावीत. हा विशिष्ट काळातला, विशिष्ट माणसांचा हुकूम होता. त्याच्या आधी जवळजवळ नव्वद वर्षं, 1616 साली, गोव्यातल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जन्माने इंग्रज असलेल्या या जेझुइटाने येशूची कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणताना त्याला संकोच वाटला नाही. वैकुंठ चालतं आणि विठ्ठल चालत नाही, हे कोणत्या न्यायाने?

आता महाराष्ट्राकडे या. अमेरिकन मिशनचं काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झालं आणि 1831 पासून अहमदनगर हे त्याचं मोठं केंद्र झालं. नगर, श्रीरामपूर, जालना या भागांतूनच आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं पुढे रेल्वे, कारखाने आणि अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या नोकऱ्यांच्या मागे या पट्ट्यात आली. मराठी ख्रिस्ती परंपरेतल्या पहिल्या पिढीची नावं काय होती? हरी रामचंद्र खिस्ती. नारायण शेषाद्री. बाबा पदमनजी. यांनी बाप्तिस्मा घेतला आणि हरी, नारायण ही नावं जन्मभर वापरली. लपवण्यासाठी? नारायण शेषाद्रींच्या 1843 च्या बाप्तिस्म्याने मुंबईत केवढा गदारोळ झाला होता, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा आरोप करताना शरम वाटेल. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेताना नेहेम्या हे नाव घेतलं. ते त्यांनी स्वखुशीने घेतलं आणि आम्ही त्यांना आदराने नेहेम्या गोऱ्हे म्हणतो. पंडिता रमाबाईंना 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्म्यात 'मेरी रमा' हे नाव मिळालं. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुढची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करणारी ती बाई सगळ्या जगाला पंडिता रमाबाई म्हणूनच ठाऊक झाली. ज्याने बदललं त्याने बदललं, ज्याने राखलं त्याने राखलं. दोघांच्या श्रद्धेत त्यामुळे रतीभर फरक पडला नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचं 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचलं नाही असा मराठी वाचक विरळा. या बाईंचं माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचं नारायण हे नाव तसंच राहिलं. काही वर्षं झगडून, रडून, विचार करून लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचंही नाव तेच राहिलं. म्हणजे या बाईचं नाव एकदाच बदललं, आणि ते तिच्या हिंदू लग्नात, तिला न विचारता बदललं. बाप्तिस्म्याने त्याला हात लावला नाही.

"धर्मांतराने आमच्या माणसांची नावं पुसली" असा शोक करणाऱ्यांना मी हा हिशेब मांडायला सांगतो. आपल्या शेजारच्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना नवव्या वर्षी गोपाळरावांच्या घरी गेली आणि आनंदी झाली. 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाली ती आनंदीबाई जोशी. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने नवं नाव कोरायचं, ही रीत आजही बदलापूरच्या हॉलमध्ये होते, फोटो निघतात, टाळ्या वाजतात. उल्हासनगरच्या सिंधी घरांतही सुनेचं नाव बदलण्याची चाल आहे. जन्मल्यापासून ज्या नावाने हाक मारली ते नाव एका दुपारी काढून घेताना कोणाची संस्कृती बुडत नाही, आणि स्वतःच्या इच्छेने नेहेम्या झालेल्या एका शास्त्र्याच्या नावाने मात्र बुडते?

बरं, नाव तसंच ठेवलं तर? तर लपवाछपवी. क्रिकेटपटू विजय हजारे घ्या. सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. नाव विजय, भावाचं नाव विवेक. त्या काळी मुंबईत धर्माच्या नावावर संघ पाडून पंचरंगी सामने होत. डिसेंबर 1943 मधल्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या संघाविरुद्ध हजारे 'रेस्ट' या संघाकडून खेळले, कारण ख्रिस्ती खेळाडूंची जागा त्या संघात होती. संघाच्या 387 धावा झाल्या, त्यातल्या 309 एकट्या विजय हजाऱ्यांच्या, आणि दुसऱ्या टोकाला विवेक उभा. सगळ्या मुंबईने पाहिलं. ब्रेबॉर्नवर हजारोंच्या समोर 'बाकीच्यां'चा खेळाडू म्हणून जो उभा राहिला त्याने काय लपवलं होतं? 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. पुण्याचे चंदू बोर्डे, कवी निरंजन उजगरे ही माणसं त्याच मराठी ख्रिस्ती घरांतली. ही नावं त्यांच्या आईबापांच्या तोंडी होती म्हणून ठेवली गेली. याहून वेगळं कारण शोधण्याची गरज का पडावी?

सवलतीचा आरोप मात्र नीट तपासायला हवा, कारण त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग केला जातो. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश 1950 चा. सुरुवातीला त्यात काही अपवाद सोडता फक्त हिंदू होते, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. हा आदेश धर्म बघतो. नावाचा त्यात कुठेही संबंध नाही. 1990 मध्ये बौद्धांचा हक्क मान्य झाला तेव्हा कोणाच्या नावाची तपासणी झाली होती का? महाराष्ट्रात जातीचा दाखला पडताळण्यासाठी 2000 सालचा कायदा आहे, समित्या आहेत, दक्षता पथकं आहेत. ती शाळेचे दाखले आणि महसुली नोंदी बघतात, घरी येऊन चौकशी करतात. कोणी खोटा दाखला काढला असेल तर तो तिथे पकडावा आणि त्याला शिक्षा करावी, आमची काही हरकत नाही. पण रमेश नावाचा प्रत्येक ख्रिस्ती माणूस चोर, असं धरून चालणाऱ्याला न्याय नको आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना राज्यात इतर मागास वर्गाच्या यादीत जागा आहे, आणि ती मिळवताना ख्रिस्ती असल्याचं कागदावर लिहूनच द्यावं लागतं. लपवणारा माणूस असं लिहून देईल?

शिवाय नाव बदला म्हणणं सोपं आहे. राजपत्रात जाहिरात, मग आधार, पॅन, बँक, रेशनकार्ड, मतदार यादी, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, मुलांच्या दाखल्यांवरचं बापाचं नाव. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्या माणसाने हे सगळं कशासाठी करायचं? शेजाऱ्याला त्याचा धर्म लांबून वाचता यावा म्हणून? जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा तर बाळाचा जन्म नावाशिवायही नोंदवून घेतो, नाव नंतर भरता येतं. धर्म त्या अर्जात वेगळा विचारतात. सरकारला नावावरून धर्म काढावा लागत नाही. मग सोसायटीच्या सेक्रेटरीला का काढावा लागतो?

आता नाणं उलटं करून बघा. समजा, आम्ही ऐकलं आणि सगळ्यांनी युरोपी नावं घेतली. वसईत चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ते घडलंच आहे. तिथले डाबरे, डिमेलो, परेरा, दिब्रिटो पिढ्यान्‌पिढ्या वाडवळी आणि सामवेदी बोलीत बोलतात, शेती करतात, मराठीत लिहितात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काय झालं? विरोधाचे सूर उठले. धर्मगुरू, तोही ख्रिस्ती, आणि नाव हे असं, तो मराठीचा अध्यक्ष कसा? म्हणजे लक्ष्मण नाव ठेवलं तर फसवणूक, आणि फ्रान्सिस ठेवलं तर परका. या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचा रस्ता परीक्षा घेणाऱ्यांनी ठेवलेलाच नाही. म्हणून ही परीक्षा मी देत नाही, आणि कोणी देऊ नये असं मला वाटतं.

नावाने धर्म सांगितलाच पाहिजे, या दाव्याला महाराष्ट्राचा इतिहासच साक्ष देत नाही. बखरी सांगतात, की मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या आशीर्वादाने झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. दौलतराव, गुलाबराव, साहेबराव, फकिरा, पिराजी ही आमच्या गावोगावची नावं. त्यातले फारसी-अरबी शब्द काढून टाका, अर्ध्या महाराष्ट्राचे आजोबा निनावी होतील. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांमध्ये रामाला देव मानणार नाही ही प्रतिज्ञा आहे. त्यानंतर त्यांनी स्वतःचं भीमराव हे नाव टाकलं? वडिलांचं रामजी हे नाव खोडलं? महाभारतातल्या भीमाचं ते नाव आज आमच्या या तिन्ही गावांतल्या वस्त्यांमध्ये 'जय भीम' म्हणून एकमेकांना भेटताना उच्चारलं जातं, आणि ते उच्चारणारा बौद्ध आहे याबद्दल कोणालाही शंका येत नाही. त्यांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिलं. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. आज मिलिंद देशपांडेही आहेत आणि मिलिंद कांबळेही आहेत, आणि कोणीही त्यांना ग्रीक म्हणत नाही.

उल्हासनगरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहराचा पाया घातला गेला आणि नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. पंचाहत्तरहून अधिक वर्षं झाली, तरी रिक्षावाला अजून 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असंच विचारतो. वरून दिलेलं नाव तोंडात बसायला किती पिढ्या लागतात, हे रोज ऐकणाऱ्यांनी माणसाला मात्र एका रविवारी नाव बदलायला सांगावं? त्या सिंधी कुटुंबांची नावं तरी काय होती? स्वातंत्र्यसैनिक जयरामदास दौलतराम यांच्याकडे पाहा, बापाच्या नावात अरबी दौलत आणि राम एकत्र नांदतात. ज्या श्रद्धेसाठी त्यांनी घरदार सोडलं तिच्यावर त्या दौलतीने डाग पाडला नाही.

आणि अंबरनाथचं शिवमंदिर. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा तिथला शिलालेख शिलाहार राजा माम्वाणीचं नाव सांगतो. महाराष्ट्रातल्या एका अप्रतिम शिवालयाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, त्या राजाचं नाव आज एखाद्या भाडेकरूने सांगितलं तर घरमालक काय समजेल? उल्हासनगरात त्याला सिंधी समजतील, बदलापुरात कदाचित घरच मिळणार नाही. नावावरून माणूस ओळखण्याच्या या विद्येची पोच एवढीच आहे.

'समोरच्याला कळेल तरी' हे जे म्हणतात, त्यांना कळून करायचं काय आहे, हा खरा प्रश्न आहे. बदलापुरात रोज नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांत घर भाड्याने घ्यायला गेलेल्या मुस्लिम आणि दलित माणसाला विचारा, नाव आणि आडनाव कळल्यावर पुढे काय होतं. "आडनाव काय?" हा आपल्याकडचा ओळखीतला दुसरा प्रश्न असतो, आणि त्याच्या उत्तरावर पाण्याचा पेला, घराची किल्ली आणि मुलीचं स्थळ ठरत आलेलं आहे. नाव स्पष्ट असावं ही मागणी माणसांची छाननी सोपी व्हावी एवढ्यासाठीच आहे. चाळणीतून सुटलेला माणूस त्यांना सहन होत नाही, म्हणून त्याला फसवा म्हणायचं. आमचा लक्ष्मण ख्रिस्ती आहे हे त्याने कोणापासून लपवलेलं नाही. तो दर रविवारी उपासनेला जातो, नाताळला घरावर तारा लावतो, अर्जात खरं तेच लिहितो. त्याचं नाव वाचून जे त्याला आपला समजून बसले होते, त्यांनी ते समजणं मागे घ्यावं असं त्याच्यात काय बदललं?

तेव्हा पाळकांना आणि फादरांना माझं सांगणं आहे, की आईबाप जे नाव उच्चारतील तेच बाप्तिस्म्याच्या वहीत लिहा, शेजारी दुसरं लिहू नका. तरुण आईबापांना सांगणं आहे, की रायन आवडत असेल तर रायन ठेवा, एस्तेर आवडत असेल तर एस्तेर ठेवा, पण शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून ठेवू नका, आणि आजीचं पार्वती हे नाव नातीला द्यायचं असेल तर घाबरू नका. शिक्षकांनी वर्गात हजेरी घेताना "पण खरं नाव काय?" असं कोणत्याही मुलाला विचारू नये. सोसायट्यांनी भाडेकरूचा करार बघावा, ओळखपत्र बघावं, पोलीस पडताळणी बघावी, तेवढा त्यांचा अधिकार आहे. लक्ष्मण, सुनंदा, विजय, नारायण ही ख्रिस्ती माणसांची नावं आहेत, दोनशे वर्षांपासून आहेत, आणि त्यांचा खुलासा आम्ही यापैकी कोणालाही देणं लागत नाही.